आघाव मॅडमची दाढ

आघाव मॅडम तपासणीला निघाल्या की त्यांच्या तोंडात लवंग असायची. जीपमध्ये बसल्या बसल्या पर्समधून स्टीलची एक छोटी डबी निघायची, त्यातली लवंग डाव्या गालात जायची आणि मग माजलगावच्या बाहेर पडेपर्यंत त्या कुणाशी बोलायच्या नाहीत. ड्रायव्हर गोरखला वाटायचं, मॅडमना गाडी लागते. ऑफिसातल्या लोकांना वाटायचं, घशाचा काहीतरी जुना त्रास असावा. मी दातांचा डॉक्टर असल्यामुळे मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं, की बाईंची खालची डावी दाढ किडलेली आहे आणि चांगलीच किडलेली आहे. चहा पिताना त्या मान उजवीकडे कलती करायच्या. भाकरीचा घास कालवणात बुडवून मऊ करायच्या आणि उजव्याच बाजूनं चावायच्या. माठातलं गार पाणी दिलं तर पेला दोन्ही हातांत धरून बसायच्या, पाणी कोमट होईपर्यंत.

दातांचे दवाखाने तपासत फिरणाऱ्या बाईंनी स्वतःची दाढ अशी लपवत फिरावं, हे मला काही केल्या कळेना. शेजारी मी बसलेलो, ग्रामीण रुग्णालयातली माझी खुर्ची रोज दुपारनंतर रिकामी, आणि बाई लवंगा चघळतायत. एकदा धीर करून म्हणालो, मॅडम, वेळ असेल तेव्हा एकदा दाढ दाखवा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचा पगार विचारला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बघू."

हे "बघू" म्हणजे काय, यावर आमच्याकडे बरीच चर्चा व्हायची. शिपायानं रजा मागितली तरी "बघू", आणि त्याला रजा मिळायची. एखाद्या पुढाऱ्याचा फोन आला, अमक्याच्या दवाखान्याकडे जरा सांभाळून बघा, तरी "बघू", आणि त्या दवाखान्यात त्या नेहमीपेक्षा तासभर जास्त बसायच्या. माणसाला हो म्हटलंय की नाही, हे त्यांच्या तोंडावरून कळायची सोय नव्हती. मी वर्षभर त्या तोंडाकडे बघत होतो, तेही माझ्या धंद्यातल्या नजरेनं, तरी मला कळलं नाही.

आमची समिती होती. आमच्या आणि शेजारच्या गेवराई तालुक्यातल्या दातांच्या दवाखान्यांत स्वच्छता कशी आहे, हत्यारं नीट उकडली जातात का, कचरा कुठं जातो, डॉक्टर खरा आहे का, हे सगळं बघायचं. समिती हा शब्द मोठा, माणसं दोनच. मॅडम अध्यक्ष, कारण खात्यात त्या सगळ्यांत जुन्या. आणि मी सदस्य, कारण सरकारी खुर्चीवर दात काढणारा आसपास मी एकटा. मॅडम पाटोद्याकडच्या, एमबीबीएस, रिटायर व्हायला एखादंच वर्ष उरलेल्या. उंच, सडपातळ, सुती साडी, पायात काळी रबरी चप्पल. आवाज बारीक होता, पण त्या बारीक आवाजात हाक मारली की शिपाई हातातला चहा ठेवून उभा राहायचा.

प्रत्येक दवाखान्याच्या दारात त्या एक वाक्य हमखास बोलायच्या. "दातातलं मला काय कळतंय, डॉक्टर." सुरुवातीला मला ते खरं वाटलं. मी उत्साहानं समजावून सांगायला लागायचो, की हे अमुक, हे तमुक, ह्यानं दात कोरतात, ह्यानं थुंकी ओढतात. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी माझ्या बोलण्याशी काडीचा संबंध नसलेलं काहीतरी लिहायच्या. पुढं पुढं मी समजावणं सोडून दिलं. तर एकदा म्हणाल्या, "हल्ली काय सांगत न्हाई तुमी."

दारात चप्पल काढायच्या. डॉक्टर म्हणायचा, राहू द्या मॅडम, आत सगळे घालूनच येतात. त्या काढायच्याच. मग आत न जाता पेशंटच्या बाकावर बसायच्या. बाहेर सरकारी जीप उभी, आत डॉक्टर घाम पुसतोय, आणि ह्या बाकावर बसून शेजारच्या बाईशी बोलतायत. कुठून आलात, घरी कोण कोण, सोबत कोण आलंय आणि मग हळूच, "इथंच काहून आलात?" बाई म्हणायची जवळ पडतं, कुणी म्हणायचं डॉक्टर खेकसत नाही, एक आजोबा म्हणाले होते की इथला पंखा चांगला आहे. मॅडम सगळ्यांना सारखीच मान डोलवायच्या. हे ऐकून त्या काय ठरवायच्या, ते देव जाणे.

आणखी एक नियम त्यांनी स्वतःला घातला होता. जो दवाखाना बघायला गेलो तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. चहाचा थर्मास, पाण्याची बाटली, सगळं जीपमध्ये. डॉक्टरांच्या बायका पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर यायच्या, मला भूक लागलेली असायची, आणि मॅडम म्हणायच्या, आमचं झालंय. गोरख आणि मी एकमेकांकडे बघायचो. त्यांचं झालेलं असायचं, आमचं नसायचं.

काचपेटीतल्या माशांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. शहरातल्या मोठ्या रस्त्यावर एका डॉक्टरांनी काचेचा दवाखाना काढला होता. काचेचं दार, पांढऱ्या फरशा, बाहेरच्या देशातून आणलेली खुर्ची. डॉक्टर एका पुढाऱ्याचे भाचे. मी आत जाऊन एकेक वस्तू बघितली आणि मान्य करावं लागलं, की सगळं नियमाप्रमाणे आहे. हत्यारं पाकिटात बंद, पाकिटांवर तारखा, कचऱ्याच्या पिशव्या वेगवेगळ्या. मॅडम बाकावरून उठल्या, एक चक्कर मारली आणि पुन्हा येऊन बाकासमोरच्या माशांच्या काचपेटीपाशी उभ्या राहिल्या. पाणी हिरवट झालेलं. दोन मासे तोंड वर करून हवा घेत होते. मॅडम बराच वेळ वाकून बघत राहिल्या आणि मग लिहिलं, महिन्यानं परत तपासणी करावी.

डॉक्टर चिडले. त्यांनी विचारलं, माशांचा नियम कुठल्या कागदात आहे ते दाखवा. त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. मॅडम म्हणाल्या, "तसा नियम न्हाई." एवढंच बोलून चप्पल घालून निघाल्या. महिन्यानं आम्ही परत गेलो तर काचपेटीच गायब. तिच्या जागी प्लॅस्टिकचं फुलझाड. बाकी सगळं होतं तसंच. मॅडमनी लगेच सही केली. मी येताना जीपमध्ये विचारलं, मॅडम, त्यानं पाणी बदललं नाही, मासेच काढून टाकले, मग पास कसा? त्या म्हणाल्या, "मासे त्याच्या बहिणीकडं गेलेत. बाकावरच्या बाईनं सांगितलं. तिथं बरे हायेत." मी उरलेला रस्ता यावर विचार करत बसलो. आपण दवाखाना तपासला की मासे तपासले, हे मला घर आलं तरी कळलं नव्हतं.

चकलांब्याचा प्रसंग तर त्याहून अवघड. आठवडी बाजारात एक माणूस लिंबाखाली चटई टाकून बसतो आणि दात काढतो, कवळ्या बसवतो, अशी तक्रार होती. आम्ही गेलो. चटईवर चिमटे, कसल्या कसल्या बाटल्या, आणि एका लाल फडक्यावर काढलेल्या दातांचा ढीग, जाहिरातीसाठी. माझं डोकं फिरलं. मी पोलिसांना फोन करायला निघालो, तर मॅडम त्याच्यासमोर चटईच्या कडेला उकिडव्या बसलेल्या. हे कशाचं, ते कशाचं, कुणाकडून शिकला, चिमटा धुतो कशानं. त्यानं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, अगदी मोकळेपणानं, की हातपंप जवळच आहे. मग मॅडमच्या तोंडाकडे निरखून बघत म्हणाला, "बाई, तुमचा डावा गाल चढलाय. बसा की. आत्ता काढतो, कळणार बी न्हाई."

गोरखनं तोंड फिरवलं. मी आकाशाकडे बघितलं. वर्षभर चारचौघांत जे कुणी बोललं नव्हतं ते त्या माणसानं भर बाजारात बोलून टाकलं होतं. मॅडम म्हणाल्या, "बघू."

नंतर त्यांनी त्याचे चिमटे वर्तमानपत्रात गुंडाळून जप्त केले, पोलिसांत तक्रार दिली, सगळं कडक केलं. तो रडायला लागला, तरी त्या बधल्या नाहीत. त्यानं दात अर्धवट कोरून ठेवलेल्या दोन बायकांना जीपमध्ये घालून माझ्या रुग्णालयात आणलं. मला वाटलं, चला, आज तरी बाई सरळ वागल्या. गेवराईच्या अलीकडे त्या एकदम म्हणाल्या, "माझी पयली दाढ अशाच एका चटईवर गेली. सातवीत व्हते. दोघांनी हात धरले व्हते." मी म्हणालो, खूप दुखलं असेल. त्यांनी थोडा विचार केला. "त्याचा हात मातर हलका व्हता," असं म्हणून त्यांनी डबीतून लवंग काढली. एवढ्या वर्षांनी त्या माणसाची बाजू त्या का घेत होत्या, आणि घेत होत्या तर आजच्या माणसाला का सोडलं नाही, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मागं दोन बायका कण्हत होत्या.

आता दिंद्रुड. ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते हेच.

दिंद्रुडच्या बसस्टँडसमोर रशीदभाईंचा फळांचा गाडा आहे. रशीदभाईंची फळं आसपासच्या गावांत प्रसिद्ध, कारण त्यांच्या गाड्यावर सफरचंद कधी मळकट दिसायचं नाही. खांद्यावर एक मऊ फडकं, येणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता एक सफरचंद उचलायचं, पुसायचं, चकाकलं की रचायचं. त्यांची मुलगी निखत दातांची डॉक्टर झाली. शिकत असताना काही महिने माझ्या हाताखाली होती. इतके हात धुवायची, की आमची सिस्टर म्हणायची, ही पोरगी नळ झिजवणार. शहरात जायचं सोडून तिनं गाड्यासमोरच्याच दोन गाळ्यांत दवाखाना काढला. हा दवाखाना टिकला नसता तर तिला पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली नोकरी धरावी लागली असती, आणि दिंद्रुडच्या लोकांना पुन्हा बाजारातली चटई. ती सहा महिने जेमतेम बसली असेल, तोच तक्रार आली. दाढ काढल्यावर एकाचं तोंड सुजलं, तिथली हत्यारं स्वच्छ नसतात. तक्रार कुणाची, ते कळलं नाही.

मी निर्धास्त होतो. तपासणीची आगाऊ सूचना गेलेली होती, आणि निखतकडे चूक सापडणं मला शक्य वाटत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा ती स्कुटीवरून उतरत होती. वाफेच्या मशीनच्या दुरुस्तीचा कागद आणायला सकाळी माजलगावला गेली होती. दारात रशीदभाई नवा सदरा घालून उभे. मॅडमनी चप्पल काढली, बाकावर बसल्या. बाकावर एक म्हातारी पदर गालाला धरून बसली होती. तिच्याशी बोलून झालं आणि आम्ही आत गेलो.

आत टेबलावर नवाकोरा पांढरा टॉवेल, त्यावर स्टीलचं मोठं ताट आणि त्या ताटात निखतच्या दवाखान्यातलं झाडून सगळं हत्यार. लहानमोठं एकावर एक रचलेलं, टोकं सगळी एका दिशेला, आणि असं चकाकणारं की खिडकीतला उजेड छतावर पडला होता. कडेला मोगऱ्याची चार फुलं.

निखत दारातच थांबली. तिनं कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघितलं. टोपलीत फोडलेल्या कागदी पाकिटांचा ढीग. जे मशीनमध्ये वाफवून बंद ठेवायचं आणि पेशंटच्या समोरच फोडायचं, ते सगळं फोडलेलं.

"पाकिटात काय दिसतंय, मॅडम?" रशीदभाई म्हणाले. "तुमी येवढं लांबून बघायला येणार. म्हणून म्या सकाळी येऊन सगळं भाईर काढलं. एक-एक पुसलं ह्या हातानं."

"अब्बा, सगळी फोडली?"

"हौ. एक बी ठेवलं न्हाई."

खांद्यावर त्यांचं ते फडकं होतं. त्यांच्या तोंडावरचा आनंद मला बघवेना. ज्या कौतुकानं त्यांनी आयुष्यभर फळं मांडली त्याच कौतुकानं त्यांनी लेकीचा दवाखाना मांडला होता.

मॅडम ताटासमोर उभ्या राहिल्या. माशांकडे वाकून बघितलं होतं तशाच वाकल्या. मग निखतला म्हणाल्या, "बाहेर म्हातारी बसलीय. दाढ लई दुखतीय तिची. घ्या आत. काढा. मी बघते."

रशीदभाईंनी हौसेनं ताट पुढं सरकवलं. निखतनं वडिलांकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. तिनं एक चिमटा उचलला असता, तर मॅडमना दातातलं काय कळतंय, आणि मी तर तिचा जुना सर. तपासणी निभावली असती, वडिलांचा मान राहिला असता. ती म्हणाली, "मॅडम, आज न्हाई काढता येणार. हे सगळं परत मशीनमधून निघाल्याबिगर मी कुणाच्या तोंडात घालणार न्हाई."

"मी म्हणतीय, तरी बी?"

"तरी बी."

रशीदभाईंना आधी काही कळलं नाही. मग हळूहळू कळलं. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून हातात धरलं आणि ते कुठं ठेवावं ते त्यांना सुचेना. मला मात्र इतका आनंद झाला, की मी मनातल्या मनात सही करून मोकळा झालो. याहून मोठी परीक्षा कुठली असते?

मॅडमनी बाहेर येऊन, बाकावर बसून, दवाखाना पुढच्या तपासणीपर्यंत बंद ठेवण्याचा हुकूम लिहिला.

म्हातारीला आम्ही जीपमध्ये घेतलं. माझं तोंड रस्ताभर चालू होतं. ती पोरगी खरं बोलली, मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, बोलली. बापाच्या देखत, तुमच्या तोंडावर बोलली. हो, म्हणाल्या. मग बंद का केलात? आता त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"तपासणीला गेलो तवा दवाखान्यात वापरायजोगं एक हत्यार नव्हतं. तुमी बी बघितलं, मी बी बघितलं. ती खरं बोलली म्हणून मी खोटं लिहू का?"

आजही त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही आणि बरोबर होतं असं म्हणवत नाही. मी रागानं हाताची घडी घालून बसलो. थोड्या वेळानं त्यांनी डबी माझ्यापुढं धरली. मी का कोण जाणे, एक लवंग घेतली, आणि आम्ही दोघंही लवंगा चघळत माजलगावात शिरलो.

पुढचे दिवस वाईट गेले. गावात बोलायला लोकांना काय, तोंड असतंच. कुणी म्हणालं, काचेच्या दवाखान्यावाल्यानं मामाकडून दाब आणला. कुणी म्हणालं, मुसलमानाची पोरगी म्हणून. कुणी म्हणालं, बाईंना दातांच्या डॉक्टरांचाच राग आहे. मला यातलं काहीच पटत नव्हतं आणि दुसरं काय असेल तेही कळत नव्हतं. मॅडमच्या रिटायरमेंटचा दिवस जवळ येत होता. त्यांच्या जागी कोण येणार याचा पत्ता नव्हता. त्यांनी जायच्या आधी परत तपासणी केली नाही तर दवाखाना किती काळ बंद राहील, कुणीच सांगू शकत नव्हतं. मी दर दोन दिवसांनी आठवण करायचो. मॅडम, दिंद्रुड. त्या म्हणायच्या, बघू.

मध्ये एकदा मी तिकडून जात होतो, म्हणून गाड्यापाशी उतरलो. सफरचंदं होती, पण पेटीतून काढून नुसती ओतलेली. धूळ, वर कागदाचे तुकडे चिकटलेले. खांद्यावर फडकं नव्हतं. मी काही विचारायच्या आधीच रशीदभाई म्हणाले, "डॉक्टरसाब, दवाखाना मॅडमनं न्हाई बंद केला. ह्या हातानं केला." ते दोन्ही हात पुढं धरून उभे राहिले. मी उगीचच केळी घेतली.

मॅडमच्या शेवटच्या दिवशी ऑफिसात निरोपाची तयारी चालली होती. शाल, नारळ, हार, भाषणं. सकाळी त्या जीपमध्ये बसल्या आणि गोरखला म्हणाल्या, दिंद्रुड.

निखतनं कपाट उघडून दाखवलं. पाकिटं ओळीनं, बंद, तारखा घातलेल्या. मशीन चालू होतं. मॅडमनी सगळं बघितलं, माझ्याकडून नीट वदवून घेतलं, आणि विचारलं, भाई कुठंयत? निखत म्हणाली, ते रस्त्यापलीकडे असतात, त्या दिवसापासून उंबऱ्याच्या आत आलेले नाहीत. बाकावर बसून त्यांनी सही केली, दवाखाना सुरू करायला हरकत नाही म्हणून. कागद माझ्या हातात दिला आणि गोरखला जीप घेऊन परत जायला सांगितलं.

"आणि तुमी, मॅडम?" गोरखनं विचारलं.

"गाडी सरकारी हाय. आता जे काम हाय ते माझं हाय. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय."

रिटायर व्हायच्या दिवशी अर्धी रजा टाकणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही. जीप गेली. मॅडम बाकावरच बसून राहिल्या. निखतला वाटलं काही राहिलं, ती बाहेर आली. मॅडमनी डबी पर्समध्ये टाकली, पर्स माझ्याकडे दिली आणि डाव्या गालावर बोट ठेवलं.

वर्षभर ज्या तोंडात डोकवायला मी टपलो होतो, ते तोंड निखतच्या खुर्चीवर उघडलं. आधी तिनं विचारलं, शुगर आहे का, बीपीची गोळी कुठली, सकाळी काय खाल्लं. इतके दिवस प्रश्न विचारत आलेल्या बाई शाळेतल्या पोरीसारखी उत्तरं देत होत्या. निखत म्हणाली, भीती वाटतेय का?

"लई," मॅडम म्हणाल्या.

निखतनं त्यांच्यासमोर पाकीट फोडलं. माझी नजर मॅडमकडे गेली, की आता तारीख बघतील. पण माशांपासून चिमट्यांपर्यंत सगळं वाकून वाकून बघणाऱ्या बाईंनी डोळे गच्च मिटले होते. दोन्ही पायांची बोटं आत वळली होती. भूल दिली, थोडा वेळ गेला, दाढ निघाली. मी बघितली. इतकी कुजलेली दाढ तोंडात घेऊन ही बाई कशी फिरली, हे मला दातांचा डॉक्टर असून सांगता येणार नाही. वळून बघतो तर रशीदभाई उंबऱ्यावर, चप्पल हातात, पण आत पाऊल नाही.

त्यानंतर तोंडात कापसाचा बोळा, बोलायची बंदी. ऑफिसातून फोनवर फोन, हार सुकायला लागलेत म्हणून. मी सांगितलं, मॅडम बोलू शकत नाहीत. पलीकडे कुणाचा विश्वास बसेना. गोरखचं पुढं कायम म्हणणं असायचं, की बाईंनी भाषण टाळायला दाढ काढून घेतली. निखतला वाटतं, तो शेरा होता, कागदावर लिहिता येत नाही असला. मला दोन्ही खरं वाटतं, आणि कधी कधी दोन्हीही नाही. कदाचित दाढ नुसतीच दुखत असेल.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो; निखतच्या कागदांवर माझ्या सह्या राहिल्या होत्या, म्हणून मी मागच्या गाडीनं निघणार होतो. माजलगावची एसटी उभी होती. त्या खिडकीशी बसल्या, गाल फुगलेला, रुमाल तोंडाला. रशीदभाई गाड्यापाशी आले होते. त्यांनी त्या धुळकट ढिगातून एक सफरचंद उचललं. गाड्याच्या खणातून घडी केलेलं फडकं काढलं आणि पुसायला लागले. चांगलं चकाकलं. ते घेऊन खिडकीपर्यंत आले, आणि तिथं एकदम त्यांना हातातलं फडकं दिसलं. हात मागं गेला.

जिथं तपासणीला गेलो तिथलं पाणीसुद्धा न पिणाऱ्या मॅडमनी खिडकीच्या गजांमधून हात बाहेर काढला, तळवा वर करून. रशीदभाईंनी सफरचंद त्यावर ठेवलं. खाणं शक्यच नव्हतं. मॅडमनी ते मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या मानेचा अर्थ काय, ते विचारायला मी पुढं झालो, तोवर कंडक्टरनं घंटी मारली.

एसटी वळली. रशीदभाईंनी गाड्यावरचं दुसरं सफरचंद उचललं आणि पुसायला घेतलं.